मांगरात तीन पावसाळे काढलेला मॅसी

प्रश्न राजापूरकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. वडिलांनी ८०च्या दशकात घेतलेला मॅसी १०३५. वडील गेले, मुलगा नोकरीसाठी मुंबईत, आणि ट्रॅक्टर तीन पावसाळे मांगरात, म्हणजे शेतावरच्या कौलारू खोपटात, उभा. यंदा गावी परतून भात करायचं ठरवलं. नवी बॅटरी आणून चावी मारली, तर इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि ‘ठक्‌’ करून थांबलं. गावातला मेकॅनिक म्हणाला, पिस्टन जाम झालेत, फुल इंजिन करावं लागेल, म्हणजे सगळं खोलून पिस्टन-लायनर नवे. भंगारवाला वजनावर न्यायला तयारच आहे. ट्रॅक्टर बंद पडण्याआधीच्या वर्षी सकाळी पांढरा धूर यायचा, मागची लिफ्ट नांगर थरथरत उचलायची आणि गिअरचं ऑइल दुधासारखं झालं होतं, असंही त्यांनी लिहिलं आहे. विचारणं एवढंच की पैसे घालावेत की विकून मोकळं व्हावं.

विकू नका. आणि इंजिनही एवढ्यात खोलू नका.

चाळीसेक वर्षं मी या कामात आहे. देशावरचा जुना ट्रॅक्टर धुळीने आणि ओढकामाने झिजतो. आपल्याकडचा बहुतेक वेळा काम करून मरत नाही, पाण्याने मरतो. डिझेलमध्ये पाणी, गिअरपेटीत पाणी, ब्रेकच्या ड्रमात पाणी, सायलेन्सरमधून आत पाणी, आणि त्यावर खारी हवा. तुम्ही सांगितलेली चारही लक्षणं पाण्याकडे बोट दाखवतात. पिस्टन-लायनर झिजल्याचा पुरावा त्यात अजून एकही नाही. म्हणून आधी पाणी शोधायचं, ते काढायचं, ते आलं कुठून ते बंद करायचं. पाना हेडला लावायची वेळ त्यानंतर.

त्या ‘ठक्‌’वरच मी जरा जास्त थांबतो, कारण तिथेच सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं. चावी परत मारू नका. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून तर मुळीच नको. तुमचा सायलेन्सर उभा आहे ना? त्यावर झाकण होतं का? इंजिन जिथे थांबतं तिथे एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुधा उघडा असतो. मांगराचं एखादं कौल सरकलं, वाऱ्याने पाऊस आत मारला, की सायलेन्सरमधून पाणी थेट त्या सिलिंडरवर जाऊन बसतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो, आणि जोर जास्त असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टरने कधी कधी निभावतं. ओढून सुरू करताना मागे अख्ख्या ट्रॅक्टरचं वजन असतं, तिथे रॉड वाचत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी उस्ताद बाजाराला गेले असताना मी असाच एक उभा असलेला ट्रॅक्टर साखळी लावून ओढवला. तीन पावलं गेला, मागची चाकं घसपटली आणि आतून आवाज आला. उस्तादांनी परत येऊन इंजिनाखालचा ऑइलचा संप खोलला, वाकलेला रॉड माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘खोलूक येता, ओढूक येता. आयकूक कधी येतला?’’ तो रॉड बरीच वर्षं माझ्या गॅरेजात खिळ्याला टांगलेला होता.

तर, पहिल्यांदा बॅटरीची अर्थिंग काढून ठेवा. गिअर न्यूट्रलला. सायलेन्सर उतरवा आणि मॅनिफोल्डमध्ये टॉर्च मारा. ओल, गंजाचा लाल ओघळ, कुंभारमाशीचं मातीचं घरटं, यातलं काहीतरी सापडेलच. एअर क्लीनरची खालची वाटी काढा. ऑइल बाथ असेल तर तेलाखाली पाणी साचलेलं असतं, आणि वरच्या जाळीत उंदराने गवत भरलेलं असतं. मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तिन्ही नोजल काढायचे. काढण्याआधी त्यांच्या भोवतीची माती डिझेल आणि ब्रशने साफ करा, नाहीतर ती सिलिंडरमध्येच पडणार. पाइपांची तोंडं आणि पंपाची तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधून ठेवा. नोजल अडकला असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. भोवती गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी डावीउजवीकडे हलवत काढा. खाली तांब्याचा वॉशर असतो, तो भोकात राहिला तर तोही काढा. दोन वॉशर एकावर एक बसले की नोजल वर राहतो आणि मग धुराचं कारण शोधत महिना जातो.

आता भोकांतून टॉर्चने पाहा. पाणी दिसलं तर पिचकारीला बारीक नळी लावून ओढून घ्या. भोकांवर फडकं टाका, तोंड बाजूला ठेवा आणि पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हळू फिरवा. उरलेलं पाणी फडक्यात येईल. किती तरी ‘जाम’ इंजिनं मी इथेच सुटलेली पाहिली आहेत. गिऱ्हाइकाला खरं वाटत नाही, कारण त्याने बोअर कामाच्या पैशांची तयारी केलेली असते.

पाणी नाही आणि तरी फिरत नाही, तर अर्धं डिझेल आणि अर्धं इंजिन ऑइल असं मिश्रण प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप ओता. चार-पाच दिवस थांबा. रोज संध्याकाळी पाना लावून दोन्ही दिशांना थोडा थोडा जोर द्या. पान्याला लांब पाइप घालून लोंबकळू नका, पुलीचा नट तुटेल. रिंगा लायनरला गंजाने धरलेल्या असतात, त्यांना घाई चालत नाही. दोन्ही बाजूंनी फिरतंय पण ठरावीक जागी येऊन कडक अडतंय, असं असेल तर रॉकर कव्हर काढून पाहा. एखादा व्हॉल्व्ह खाली अडकलेला असेल आणि पिस्टन त्यालाच भिडत असेल. तेल सोडून, लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने ठोकला की बहुधा वर येतो. पुशरॉड काढून काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर लगेच कळतं.

इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे सुटं फिरलं की नोजल बसवायची घाई करू नका. जुनं इंजिन ऑइल काढा, फिल्टर बदला, नवं भरा. साडेसहा-सात लिटर लागेल, पण शेवटचा निकाल डिपस्टिकचा. मग नोजल बाहेर असतानाच, स्टॉपचा नॉब ओढून, स्टार्टर मारा. कॉम्प्रेशन नसल्यामुळे इंजिन भराभर फिरतं, ऑइलचा काटा वर येतो, आणि तीन वर्षं कोरड्या पडलेल्या बेअरिंगांना पहिला घोट लोड नसताना मिळतो. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, नाहीतर स्टार्टर तापेल.

आता डिझेल. टाकीतलं सगळं ओतून टाका, थोडंसुद्धा ठेवू नका. अर्धी रिकामी टाकी आपल्या हवेत वर्षानुवर्षं राहिली की रात्री थंड झालेल्या पत्र्याला आतून घाम येतो आणि पाणी तळाला जातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळी बुळबुळीत साय धरते, ते जंतूंचं काम. फिल्टर तिनेच तुंबतो. टाकी उतरवा, धुवा, उन्हात वाळवा. दोन्ही फिल्टर आणि त्यांचे रबरी वायसर नवे घाला.

याबाबतीत मी कटकट्या आहे, कारण तुमच्या मॅसीच्या वयाच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर नोजलला डिझेल देणारा रोटरी पंप असतो, ज्याला आपण डीपीए म्हणतो. त्याच्या आत वंगणासाठी वेगळं ऑइल नाही. डिझेलच त्याचं वंगण. आतला रोटर इतक्या बारीक फटीत फिरतो की पाण्याचा थेंब गेला की गंज, गंज आला की चिकटणं, आणि चालत्या इंजिनात चिकटला तर पंपाचा शाफ्टच तुटतो. इनलाइन पंपाला स्वतःच्या पोटात ऑइल असतं, म्हणून तो थोडं सोसतो. तोही नोजलच्या बाजूने मरतोच, पण उशिरा.

एकदा पावसात शेजाऱ्याच्या कॅनमधलं डिझेल एका गिऱ्हाइकाने थेट टाकीत ओतलं. कॅनला झाकणाऐवजी नारळाची शेंडी कोंबलेली. पंपाचं हेड-रोटर गेलं, भातलावणीचे नऊ दिवस गेले. तेव्हापासून मी सांगतो, कॅनमधलं डिझेल रात्रभर ठेवा, सकाळी न हलवता ओता, आणि खालचे दोन-तीन बोटं सोडून द्या. फडक्यातून गाळल्याने कचरा अडतो, पाणी अडत नाही.

पंपाला हात लावायचा तर एवढंच बघा: रेसचा दांडा आणि स्टॉपचा दांडा हाताने मोकळे हलतात का. बाहेरून मोकळे असले तरी आतला मीटरिंग व्हॉल्व्ह उभ्या ट्रॅक्टरमध्ये चिकटलेला असू शकतो. तो उघड्या अवस्थेत चिकटला तर इंजिन सुरू होताच रेस वाढतच जाते आणि स्टॉपला ऐकत नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि मॅनिफोल्डच्या तोंडाएवढी जाड फळी घेऊन एक माणूस तिथे उभा करा. इंजिन पळालं तर फळीने तोंड दाबायचं, हवा बंद, इंजिन बंद. हात लावायचा नाही, गोणपाट नाही. आजवर दोनदाच ती फळी वापरावी लागली आहे, पण दोन्ही वेळा दुसरा उपाय नव्हता.

एअर काढणं सगळ्यांना येतं असं वाटतं, पण अर्धी मंडळी फिल्टरवर थांबतात. आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाची हाताची पट्टी मारा. पट्टी ढिली लागत असेल तर पंप बिघडलेला नाही, खालचा कॅम वर आला आहे. इंजिन एक फेरा फिरवा. बुडबुडे थांबले की तो स्क्रू कसा. मग पंपावरचे दोन स्क्रू, एक बाजूला हेडपाशी आणि एक वर गव्हर्नरच्या झाकणावर. तिथूनही नुसतं डिझेल यायला हवं. शेवटी नोजलचे नट ढिले करून, रेस पूर्ण वर आणि स्टॉप आत, स्टार्टर मारा. नटापाशी डिझेल उसळलं की एकेक कसत जा. चालू इंजिनात किंवा टेस्टरवर नोजलच्या फवाऱ्यासमोर बोट आणू नका. तो दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो. जखम सुईएवढी दिसते, पण बोट जाऊ शकतं. असं झालं तर घरगुती उपाय न करता थेट मोठं हॉस्पिटल.

सुरू झाल्यावर पहिली नजर ऑइलच्या काट्यावर. काही सेकंदांत वर आला नाही तर बंद करा. सुरुवातीचा पांढरा धूर सोडून द्या, सिलिंडरमध्ये आपणच ओतलेलं तेल-डिझेल जळतंय.

इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर तुमचा जुना आजार पाहायचा. इथे लोक एक कारण देतात जे मला पटत नाही: ‘थंडी आहे ना.’ आपल्याकडे कसली थंडी? पर्किन्स या इंग्लिश कंपनीच्या घराण्यातल्या या इंजिनाला मॅनिफोल्डमध्ये हवा तापवणारा हीटर दिलेला असतो तो इंग्लंडातल्या हिवाळ्यासाठी. किनारपट्टीवर धडधाकट इंजिन जानेवारीच्या पहाटेसुद्धा हीटरशिवाय दोन-तीन फेऱ्यांत लागलं पाहिजे. लागत नसेल तर काहीतरी चुकतंय. आणि तो हीटर चालू असताना ईथरचा स्प्रे मारणाऱ्यांना तर मी गॅरेजात उभं करत नाही, मॅनिफोल्ड फुटतो.

पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेलं डिझेल, डोळ्यांना झोंबणारं. पहिलं कारण इंजिनात नसतंच, स्टार्टरमध्ये असतं. इंजिन हळू फिरलं की हवा पुरेशी तापत नाही. खाऱ्या हवेने बॅटरीची अर्थिंगची पट्टी आणि चॅसीचा बोल्ट यांच्यात हिरवट-पांढरी भुकटी धरते. मीटर असेल तर पाहा: उभ्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि स्टार्टर मारताना दहाच्या फार खाली जाऊ नये. मीटर नसेल तर स्टार्टर मारून लगेच टर्मिनलांना हात लावा. जे गरम लागेल तो दोषी. पट्टी घासा, बोल्टखालचा रंग खरवडा, कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. एवढ्याने सकाळचा धूर गेलेले ट्रॅक्टर मी मोजलेले नाहीत.

दुसरं कारण नोजल. टेस्टरवर धुक्यासारखा फवारा आणि शेवटी कोरडं टोक हवं. पिचकारी मारत असेल किंवा टोकाला थेंब धरत असेल तर नोजल बदला. तिसरं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट. पर्किन्सच्या ३.१५२ इंजिनाला थंड असताना ०.३० मिमी, म्हणजे आपल्या भाषेत बारा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), आणि गरम असताना ०.२५, दहा थाऊ. आपल्याकडे ही इंजिनं सिम्पसन कंपनी बनवते; तुमच्या ट्रॅक्टरवर तिचं कुठलं मॉडेल आहे ते ब्लॉकवरच्या नंबरावरून पाहा आणि त्याच्या पुस्तकातला आकडा धरा. इतरांचा आकडा, माझासुद्धा, आंधळेपणाने घेऊ नका.

धूर गोडसर वासाचा, वाफेसारखा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे, तर हेड गॅस्केट. इंजिन ऑइलात पाणी आहे का ते बघायला यंत्र लागत नाही. तापलेल्या पत्र्यावर ऑइलचे दोन थेंब टाका. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. ऑइल वाढलेलं आहे पण तडतडत नाही आणि बोटाला पातळ लागतंय, तर त्यात डिझेल उतरतंय, बहुधा फीड पंपाचा पडदा फाटून.

एवढं सगळं नीट असूनही धूर, आणि ऑइल भरायच्या तोंडातून भसाभस वाफारा, निळसर धूर, दर आठवड्याला ऑइल कमी, असं असेल तेव्हाच रिंगा-लायनरचं बोलायचं.

आता दुधाळ गिअर ऑइल आणि थरथरती लिफ्ट. हे दोन आजार नाहीत, एकच आहे. हॅरी फर्ग्युसन यांच्या कल्पनेतून आलेल्या या ट्रॅक्टरांत गिअर, डिफरेन्शियल आणि हायड्रोलिक यांचं ऑइल एकाच पोटात असतं, आणि लिफ्टचा पंप त्याच ऑइलात बुडालेला असतो. त्यात पाणी मिसळलं की पंपाच्या बारीक व्हॉल्व्हांना गंज धरतो, कंट्रोल व्हॉल्व्ह अडकत-अडकत सरकतो, आणि लिफ्ट म्हाताऱ्याच्या हातासारखी थरथरते. लोक पंप बदलतात, पाणी तिथेच राहतं, वर्षभरात नवा पंपही तसाच.

पाणी येतं कुठून? गिअरच्या दांड्याचा रबरी टोप फाटलेला. मागे टॉप लिंकच्या आत जी मोठी स्प्रिंग असते तिचा रबरी बूट तडकलेला. डिपस्टिकच्या जागी कोणीतरी फडकं कोंबलेलं. अ‍ॅक्सलचे सील. आणि आपल्याकडची खास सवय: चिखलणी झाली की ट्रॅक्टर तसाच तापलेला वहाळात घालून धुणं. गिअरपेटी तापलेली असते, आतली हवा फुगलेली. थंड पाण्यात गेली की हवा आकसते आणि प्रत्येक फटीतून पाणी आत ओढून घेते. कपिंग करतात ना, तसंच. तासभर सावलीत थंड होऊ द्या, मग धुवा, आणि वहाळापासून लांब, बादलीने. वहाळात ऑइलचा तवंग सोडला की खालच्या वाडीचे लोक बोलतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

उपाय सोपा आहे, फक्त ऑइल जास्त लागतं. ट्रॅक्टर थोडा चालवून गरम करा आणि लगेच सगळे ड्रेन उघडा. एकच बोल्ट काढून थांबू नका, पोटाला वेगवेगळ्या जागी ड्रेन असतात. पंधरा-वीस मिनिटांनी शेवटी जो ओघळ येतो तो कॉफीसारखा असतो. रात्रभर गळू द्या. मग स्वस्तातलं पातळ ऑइल भरा, लोड न देता, लिफ्ट वर-खाली करत अर्धा-पाऊण तास चालवा आणि तेही काढून टाका. अजून दुधाळ आलं तर पुन्हा एकदा. त्यानंतरच चांगलं ऑइल, जे गिअर आणि हायड्रोलिक दोन्हींना चालतं असं. जवळपास तीस लिटर जातं, म्हणून लोक ते धुण्याचं काम टाळतात. काढलेलं ऑइल डब्यात साठवा, फणसाच्या मुळाशी ओतू नका. रबरी बूट आणि टोप याच वेळी नवे घाला. ते इतके स्वस्त आहेत की दुकानदाराला विकण्यात रस नसतो.

धुऊन झाल्यावर लिफ्ट परत पाहा. नांगर उचलून इंजिन बंद केलं आणि तो हळूहळू खाली आला, तर लिफ्टच्या सिलिंडरचा सील किंवा रिंग. उचलतच नाही, तर वरचं झाकण उघडून कंट्रोल व्हॉल्व्ह हाताने मोकळा होतो का ते बघायचं. झाकण जड आहे, चेन ब्लॉक लागतो, आणि नांगर जमिनीवर टेकवलेलाच हवा.

क्लच तीन वर्षांत फ्लायव्हीलला चिकटला असेल. पेडल दाबून लाकडाची पाचर मारून ठेवा, दोन दिवसांनी बहुधा सुटतो.

ब्रेककडे मी कोकणात जास्त कडक आहे. जुन्या १०३५ ला कोरडे ड्रम ब्रेक असतात. चिखलात ड्रमात माती-पाणी जातं, आणि अ‍ॅक्सलचा सील गेला असेल तर ब्रेकच्या लायनरवर ऑइल येतं. दोन्ही ड्रम उघडा, ऑइल प्यायलेले लायनर डिझेलने धुऊन परत बसवू नका, बदला. रस्त्यावर जाताना दोन्ही पेडलांची कडी लावायची, आणि दोन्ही सारखे धरतात का ते मोकळ्या मैदानात आधी बघायचं. चिऱ्याची ट्रॉली घेऊन उतारावर एकच चाक धरलं तर काय होतं ते मी सांगत बसत नाही. उतार ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, क्लचवर पाय नको. आणि माडाचा खुंट उपटायला किंवा रुतलेली गाडी काढायला साखळी टॉप लिंकला किंवा अ‍ॅक्सलला बांधू नका, खाली ड्रॉबारलाच. वर बांधली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. उडी मारायला वेळ मिळत नाही.

रेडिएटरबद्दल थोडक्यात. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी घालू नका. पावसाचा पहिला आठवडा जाऊ द्या, मग कौलांवरच्या पागोळ्यांचं पाणी गाळून भरून ठेवा आणि त्यात कूलंट मिसळा. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणाऱ्यांच्या वॉटर बॉडीची, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाची, पाती गंजून गेलेली मी हातात धरली आहेत. खाजणात चिखलणी केलीत तर थंड झाल्यावर गोड्या पाण्याने धुणं आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या पिनेला, किंगपिनला, सगळ्या निप्पलांना ग्रीस, त्याच दिवशी. जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत गन मारायची. पत्र्याला होडीवाले माशाचं तेल लावतात तसं लावलंत तरी चालेल, वास मात्र घरच्यांनी सोसायला हवा. टायर आणि रबरी बूट यांना तेल लागू देऊ नका.

सामानाची काळजी करू नका. टॅफे कंपनी मॅसीचे ट्रॅक्टर अजून बनवते, त्यामुळे या घराण्याचे भाग मिळतात. एचएमटीच्या झेटर २५११ वाल्यांचं दुःख वेगळं. त्यांची ट्रॅक्टर कंपनी २०१६ साली बंद करायचा निर्णय झाला आणि आता ते एकमेकांचे ट्रॅक्टर फोडून सामान काढतात. तुम्हाला राजापूरहून अणुस्कुरा घाट चढला की कोल्हापूर. तिथे उद्यमनगरात पंप-नोजल टेस्टर, क्रँक ग्राइंडिंग, लायनर, सगळं एका रस्त्यावर आहे. जुना नग पिशवीत घालून न्या आणि मापून घ्या, नुसतं ‘१०३५ चा द्या’ म्हणू नका. इतक्या वर्षांत त्यात बरेच बदल झाले आहेत. घाट चढण्याआधी आरसीची मुदत बघा. पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि वारसाच्या नावावर करायला वेळ लागतो.

हे सगळं झालं की ट्रॅक्टर हलक्या कामाला दहा तास चालवा, रिकामी ट्रॉली, सुकी नांगरट. मग तिन्ही गोष्टी परत पाहा: गिअर ऑइलचा रंग, फिल्टरच्या वाटीतलं पाणी, आणि थंड इंजिन सकाळी किती फेऱ्यांत लागतं ते. ऑइल स्वच्छ, वाटी कोरडी, नोजल-टॅपेट-बॅटरी नीट, आणि तरीही सकाळी वीस सेकंद घुमतंय, ऑइल पितंय, वाफारा सोडतंय, असं दिसलं तर तुमचा मेकॅनिक बरोबर होता आणि मी चुकलो. त्याला बोलवा, फुल इंजिन करून घ्या. तोवर सायलेन्सरवर एक रिकामा डबा उपडा घाला.